लिओनार्दोची चित्रे लहान मुलांना कशी उलगडून दाखवावीत: सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी कृतींसह मार्गदर्शन

सहा-सात वर्षांचे मूल चित्र काढायला बसते तेव्हा ते आधी काळी बाह्यरेषा ओढते आणि मग तिच्या आत रंग भरते. डोंगर असो, आंबा असो किंवा आजीचा चेहरा असो, पद्धत हीच असते, आणि रंगवायच्या पुस्तकांनी ती अधिक पक्की केलेली असते. इटलीतील प्रबोधनकाळाचा चित्रकार लिओनार्दो दा व्हिंची (१४५२–१५१९) याने मात्र वस्तूभोवती प्रत्यक्षात अशी रेषा नसते हे ध्यानात घेतले आणि रंगवताना ती रेषा नाहीशी करण्यासाठी आयुष्यभर प्रयोग केले. छाया आणि प्रकाशाची त्याची मांडणी, विरत जाणाऱ्या कडा, रंगांचे अतिशय पातळ थर, दूरचे निळसर डोंगर ही सगळी एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत: रेषा नसेल तर एक वस्तू दुसरीपासून वेगळी दिसते कशामुळे? हा प्रश्न मुलांना पूर्णपणे समजतो, आणि म्हणून लिओनार्दोची तंत्रे लहान वयात शिकवणे मला शक्यच नव्हे, तर अगदी योग्य वाटते.

पुढील पायऱ्या घरी एक-दोन मुलांबरोबर किंवा वर्गात लहान गट करून करता येतील. प्रत्येक बैठक अर्ध्या-पाऊण तासाची असावी आणि आठवड्याला एकच असावी. बैठकीचा क्रम मात्र बदलू नये: आधी खरी वस्तू नीट पाहायची, मग हाताने करून बघायचे, आणि त्यानंतरच लिओनार्दोचे चित्र समोर ठेवायचे. चित्र आधी दाखवले तर मूल त्याची नक्कल करू लागते, आणि नक्कल जमत नाही म्हणून हिरमुसते. तीच अडचण स्वतः सोडवून पाहिल्यानंतर चित्र समोर आले, तर ‘यानेपण असंच केलंय!’ असे ते आपणहून म्हणते. त्या एका वाक्यासाठी ही सारी खटपट आहे.

तयारी

साहित्य साधेच लागते. पांढरे ड्रॉइंग पेपर, ४बी आणि ६बी पेन्सिली, चारकोलच्या कांड्या, खोडरबर, मऊ सुती फडके, जलरंगांची पेटी, बटर पेपर, एका रंगाचा जिलेटीन कागद, थोडी शाडू माती, जाड दोरा आणि हव्या त्या बाजूला वळवता येणारा टेबलदिवा एवढे पुरे. चित्रांच्या मोठ्या आकाराच्या रंगीत प्रती मात्र छापून घ्याव्यात. मोबाइलच्या पडद्यावर चित्र उजळ दिसते आणि ज्या गडद छटांमध्ये लिओनार्दोचे खरे काम दडलेले आहे त्याच नेमक्या हरवतात. ‘जिनेव्रा दे बेंची’, ‘लेडी विथ ॲन अर्मिन’, ‘मोनालिसा’, ‘द लास्ट सपर’ आणि अपूर्ण राहिलेले ‘ॲडोरेशन ऑफ द मॅजाय’ ही पाच चित्रे या सगळ्या पायऱ्यांना पुरतात. यापेक्षा अधिक चित्रे दाखवण्याचा मोह टाळावा.

पहिली पायरी: दिवा आणि अंडे

खोलीतील इतर दिवे बंद करून पडदे ओढावेत. टेबलावर पांढरा कागद पसरून त्यावर एक पांढरे अंडे ठेवावे; घरात अंडे चालत नसेल तर पांढरा चेंडू किंवा शाडूचा वाळलेला गोळा घ्यावा. टेबलदिवा एका बाजूला ठेवून लावावा आणि मुलांना विचारावे, ‘हे अंडे कोणत्या रंगाचे आहे?’ सगळी मुले पांढरे म्हणतील. मग विचारावे, ‘यात सगळ्यांत पांढरी जागा कोणती? आणि सगळ्यांत काळी?’ आता मुले वाकून पाहू लागतात. दिव्याकडील बाजू लख्ख, मग हळूहळू करडी, मग गडद. आणि अगदी खाली, कागदाजवळ, गडद भाग पुन्हा किंचित उजळलेला त्यांना दिसेल. तो उजेड कागदावरून परत फिरून आलेला असतो. लिओनार्दोने आपल्या वह्यांमध्ये अशा परावर्तित प्रकाशाबद्दल पुष्कळ लिहिले आहे. मुलांना तो शब्द सांगण्याची गरज नाही. अंड्याखालचा पांढरा कागद काढून लाल कागद ठेवला की अंड्याची काळोखी बाजू तांबूस होते, आणि कोणत्याही व्याख्येपेक्षा हे अधिक बोलते.

यानंतर चित्र काढायचे, पण रेषा न ओढता. कागदाचा मोठा भाग चारकोलने करडा करून फडक्याने सारखा पुसून घ्यावा. मग मुलांनी खोडरबराने उजेड काढायचा: अंड्यावर जिथे दिव्याचा प्रकाश आहे तिथला चारकोल खोडायचा, जिथे काळोख आहे तिथे आणखी चारकोल लावायचा. नेहमी चूक पुसण्यासाठी वापरलेला खोडरबर इथे चित्र काढण्यासाठी वापरायचा असल्याने मुलांना त्यात फार मौज वाटते. बाह्यरेषा ओढायला हात शिवशिवतो, ते साहजिकच आहे. एखाद्याने ओढलीच तर रागावू नये, ‘अंड्यावर ही रेषा कुठे दिसते ते मला दाखव’ एवढेच म्हणावे.

आता ‘लेडी विथ ॲन अर्मिन’ समोर ठेवावे. हे चित्र सुमारे १४९०चे असून पोलंडमधील क्राकुव येथे आहे. हातात पांढरे अर्मिन (मुंगसासारखा लहान केसाळ प्राणी) घेतलेली ही तरुणी म्हणजे मिलानच्या दरबारातील चेचिलिया गालेरानी. मुलांना एकच काम द्यावे: दिवा कुठे ठेवला असेल ते शोधा. चेहरा, खांदा, हाताची बोटे आणि त्या प्राण्याचे डोके या प्रत्येक ठिकाणी उजळ बाजू कोणती आणि गडद कोणती हे पाहून मुले बोटाने दिव्याची जागा दाखवतात आणि एकमेकांशी वादही घालतात. तो वाद होऊ द्यावा. मोठ्यांनी मात्र एक काळजी घ्यावी. या चित्रातील मागचा सपाट काळा रंग नंतरच्या काळात कोणीतरी चढवलेला आहे, त्यामुळे तो लिओनार्दोचे तंत्र म्हणून समजावू नये.

दुसरी पायरी: मातीत बुडवलेले कापड

ही पायरी छोटी आहे, पण मुलांना फार आवडते. फ्लॉरेन्समध्ये आन्द्रेआ देल वेरॉक्क्यो याच्या कार्यशाळेत शिकत असताना लिओनार्दो पातळ मातीत भिजवलेली कापडे मातीच्या आकृत्यांवर पसरून ठेवी आणि त्यांच्या चुण्यांची चित्रे काढी, असे त्याचा चरित्रकार वाझारी सांगतो. कापड वाळून घट्ट झाले की चुणी हलत नाही आणि ती हवा तितका वेळ पाहता येते. आपल्याकडे गणपतीच्या दिवसांत शाडू सहज मिळते. ताकाइतकी पातळ शाडू कालवून त्यात जुना रुमाल बुडवावा, उपड्या वाटीवर टाकावा आणि दुसऱ्या दिवशी वाळल्यावर दिव्यासमोर ठेवून त्याचे चित्र काढायला सांगावे. गुंतागुंत वाटली तर मुलाला एकच चुणी निवडू द्यावी.

वर्गात डावखुरे मूल असेल तर त्याला या वेळी एक गोष्ट अवश्य दाखवावी. लिओनार्दो डावखुरा होता, आणि छटा देण्यासाठी त्याने ओढलेल्या बारीक तिरप्या रेघा डावीकडे वरून उजवीकडे खाली उतरतात. उजव्या हाताच्या माणसाच्या रेघा सहसा उलट्या दिशेने झुकतात. दोन्ही प्रकारची मुले आपापल्या वह्या उघडून लगेच पडताळून पाहतात.

तिसरी पायरी: विरणारी कड

सगळ्या पायऱ्यांमध्ये मला ही सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिला दोन बैठका द्याव्यात.

पहिल्या बैठकीत घराबाहेर जावे. दुपारी बाराच्या सुमारास एका मुलाला उन्हात उभे करून इतरांनी त्याचा चेहरा पाहावा: नाकाची आणि हनुवटीची सावली कापून ठेवल्यासारखी दिसते, डोळे आक्रसलेले असतात. त्याच मुलाला संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी अंगणात किंवा गच्चीवर उभे करावे. आता सावली कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे सांगता येत नाही, आणि चेहरा मऊ दिसतो. लिओनार्दोने चित्रकारांना नेमका हाच सल्ला दिला होता: संध्याकाळ होताना किंवा आभाळ भरून आलेले असताना रस्त्यावरील स्त्री-पुरुषांचे चेहरे पाहा, त्यांच्यावर किती कोवळीक दिसते ते लक्षात येईल. छाया आणि प्रकाश रेषा न ठेवता धुरासारखे एकमेकांत मिसळावेत, असे तो म्हणतो. आपल्याकडे दुपारचे ऊन इतके प्रखर असते की हा फरक मुलांना चटकन दिसतो.

दुसऱ्या बैठकीत कागदावर दोन गोल काढायचे. एकाला ठळक बाह्यरेषा द्यायची. दुसऱ्यात फक्त चारकोलची छटा द्यायची आणि ती बोटाने कडेकडे पुसत न्यायची, इतकी की गोल कुठे संपतो हे कळू नये. मग दोन्ही कागद भिंतीवर लावून दहा पावले मागे जाऊन पाहावे. बोट वापरण्याबद्दल मुलांना संकोच वाटत असेल तर ‘जिनेव्रा दे बेंची’ हे चित्र दाखवावे. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये असलेल्या या सुमारे ३८ सेंटिमीटर उंचीच्या चित्राच्या रंगात बोटाचा ठसा सापडला आहे, आणि ओला रंग बोटाने व तळहाताने मिसळण्याची लिओनार्दोची रीत त्यावरून कळते. साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा ठसा अजून तिथे आहे हे ऐकल्यावर मुले स्वतःच्या काळ्या झालेल्या बोटांकडे वेगळ्याच अभिमानाने पाहतात.

यानंतर हसण्याचा प्रयोग करावा. मोठ्यांनी एक साधा चेहरा काढून त्याच्या तीन प्रती कराव्यात; ओठांची मधली रेघ असावी, पण तोंडाचे कोपरे रिकामे ठेवावेत. पहिल्या प्रतीवर मुलाने कोपरे ठळक रेघेने वर वळवायचे, दुसरीवर खाली वळवायचे आणि तिसरीवर पेन्सिलीची छटा देऊन ते बोटाने पुसून टाकायचे. पहिला चेहरा आनंदी आणि दुसरा दुःखी, यावर सगळ्यांचे एकमत होते. तिसऱ्याबद्दल मात्र वेगवेगळी उत्तरे येतात: हसतोय, कंटाळलाय, काहीतरी लपवतोय. मोनालिसा दाखवण्याची वेळ ही आहे. डोळ्यांचे आणि तोंडाचे कोपरे, जिथून आपण माणसाचा भाव ओळखतो, तेच लिओनार्दोने सावलीत विरघळवले आहेत, त्यामुळे तिचा भाव पाहणाऱ्याला स्वतः ठरवावा लागतो. कागदाच्या तुकड्याने एकदा तिचे डोळे आणि एकदा ओठ झाकून भाव बदलतो का ते मुलांना पाहू द्यावे. ‘तिला भुवया नाहीत’ असे कोणीतरी म्हणेलच. निरीक्षण बरोबर आहे, त्याला दाद द्यावी आणि पुढे जावे. चित्र पाहण्याआधी वर्तमानपत्राचा ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद तुकडा कापून भिंतीवर लावला, तर खरी मोनालिसा केवढी आहे हेही कळते.

चौथी पायरी: पातळ थर

मोनालिसा पॉप्लर लाकडाच्या फळीवर तैलरंगात रंगवलेली आहे आणि तिचे काम १५०३च्या सुमारास सुरू झाले. २०१० मध्ये फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी लुव्र संग्रहालयातील लिओनार्दोच्या चित्रांची क्ष-किरणांच्या साहाय्याने केलेली तपासणी प्रसिद्ध झाली. चेहऱ्यांवरील रंगाचा एकेक थर सुमारे २ मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) इतका पातळ असू शकतो आणि असे अनेक थर मिळूनही एकूण जाडी ३० ते ४० मायक्रोमीटरच्या आत राहते, असे तिच्यात आढळले. मुलांना मायक्रोमीटर सांगू नये. त्यांना स्वतःच्या डोक्याचा एक केस चिमटीत धरायला सांगावा आणि सगळे थर मिळूनही याहून पातळ आहेत, एवढे सांगावे.

जिलेटीन कागदाचे एकाच रंगाचे चार-पाच तुकडे एकमेकांवर थोडे सरकवून खिडकीला लावले, की थरागणिक रंग कसा गडद होतो ते तत्काळ दिसते. खरी कृती मात्र सावकाश करायची आहे. तपकिरी जलरंगात इतके पाणी घालावे की कागदावर तो जेमतेम दिसावा. कागदाच्या एका पट्टीवर रोज या रंगाचा एक हात फिरवायचा, पण दर दिवशी पट्टीचा आधीपेक्षा थोडा कमी भाग रंगवायचा. आठवड्याने पट्टीच्या एका टोकाला गडद आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ कोरा असा अखंड उतार तयार होतो. आधीचा हात पूर्ण वाळण्यापूर्वी दुसरा दिला तर खालचा रंग उखडून डाग पडतो. तसा डाग पडला तर तो पुसू नये, वाट का पाहायची हे त्यातूनच समजते.

याच बैठकीत ‘ॲडोरेशन ऑफ द मॅजाय’ दाखवावे. १४८१ मध्ये हाती घेतलेले हे चित्र लिओनार्दो मिलानला निघून गेल्यामुळे अपूर्ण राहिले, आणि आज ते फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आहे. त्यात रंग भरण्याआधीची तपकिरी छायाप्रकाशाची मांडणी उघडी दिसते, म्हणजे मोनालिसाच्या रंगाखाली काय असेल याची कल्पना मुलांना करता येते.

पाचवी पायरी: दूरचा डोंगर निळा का

सह्याद्रीच्या आसपास राहणाऱ्या मुलांना हे घाटात उभे राहून दाखवता येते: जवळची डोंगररांग हिरवी किंवा तपकिरी, तिच्यामागची करडी, आणि शेवटची आकाशात मिसळलेली निळसर. शहरात उंच इमारतीच्या गच्चीवरून हिवाळ्यातल्या सकाळी हाच अनुभव येतो. मध्ये असलेल्या हवेमुळे हे घडते, हे लिओनार्दोने ओळखले होते. भिंतीपलीकडे दिसणाऱ्या इमारती रंगवताना सर्वांत जवळची तिच्या खऱ्या रंगात रंगवावी, त्यापुढची कमी रेखीव आणि अधिक निळी करावी, आणि जी पाचपट दूर दाखवायची तिला पाचपट निळे करावे, असे त्याने लिहून ठेवले आहे.

हा नियम मुलांना अक्षरशः पाळू द्यावा. पाच वाट्यांत सारखाच मातकट हिरवा रंग घ्यावा. पहिली वाटी तशीच ठेवावी. दुसरीत निळ्याचा एक थेंब, तिसरीत दोन, याप्रमाणे वाढवत जावे आणि दर वाटीत पाणीही अधिक घालावे. कागदावर सर्वांत दूरची रांग आधी, सर्वांत फिकट रंगाने रंगवावी, ती वाळल्यावर तिच्यापुढची, आणि जवळची रांग शेवटी. जवळच्या रांगेवर झाडे-झुडपे काढायला हरकत नाही, मात्र दूरच्या रांगेवर एकही झाड काढू नये. मग मोनालिसाच्या मागचा देखावा पाहावा: खालचा रस्ता आणि पूल तपकिरी आहेत, वरचे कडे आणि पाणी निळसर-हिरवे. चेहऱ्याकडेच पाहण्याची इतकी सवय असते की मोठ्यांनाही तो पूल बहुधा पहिल्यांदाच दिसतो.

सहावी पायरी: काच आणि दोरा

यथादर्शनाचे, म्हणजे सपाट कागदावर जवळ-दूरचा भास निर्माण करण्याचे, नियम लिओनार्दोच्या आधीच फ्लॉरेन्समध्ये तयार झाले होते. वास्तुविशारद आणि लेखक आल्बेर्ती याने १४३५ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. लिओनार्दोने नवशिक्यांना सांगितलेला उपाय मुलांना सर्वांत जवळचा वाटतो: समोर काच धरा, डोके हलू देऊ नका, एक डोळा मिटा आणि काचेपलीकडे जे दिसते ते काचेवरच रेखाटा. लांब व्हरांड्याच्या किंवा रस्त्याच्या समोर असलेल्या खिडकीच्या काचेवर पुसता येणाऱ्या मार्करने हे करता येते. हनुवटी टेकवायला खुर्चीची पाठ घ्यावी, नाहीतर डोके हलते आणि सगळे बिघडते. रस्त्याच्या दोन्ही कडा दूर जाताना जवळ येतात हे मूल आता स्वतःच्या हाताने काढते.

‘द लास्ट सपर’ हे भित्तिचित्र लिओनार्दोने १४९५ ते १४९८ या काळात मिलानच्या सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या भोजनगृहात रंगवले. ते सुमारे ८.८ मीटर रुंद आणि ४.६ मीटर उंच आहे. शाळेच्या पटांगणात दोऱ्याने तेवढा आयत आखला की मुलांना त्यात पळता येते. चित्रातील प्रसंग थोडक्यात सांगावा: येशू आपल्या बारा शिष्यांबरोबर शेवटचे जेवण घेत आहे आणि तुमच्यापैकी एकजण माझा घात करील, असे त्याने आत्ताच म्हटले आहे. मग मोठ्या प्रतीवर येशूच्या डोक्याच्या, आपल्या बाजूने पाहता डाव्या कानशिलावर मोठ्या माणसाने टाचणी लावावी आणि तिला दोरे बांधावेत. मुलांनी एकेक दोरा ताणून छताच्या तुळयांवर आणि बाजूच्या भिंतींवरील पडद्यांच्या वरच्या कडांवर धरायचा. सगळ्या कडा त्या टाचणीपाशीच येतात. हा निव्वळ शाळेतला खेळ नाही. मूळ भिंतीवर त्याच जागी खिळ्याचे छिद्र सापडले आहे, कारण लिओनार्दोनेही तिथूनच दोरे ताणून रेषा आखल्या होत्या.

या चित्राचे रंग का उडाले, हेही मुलांना खरे सांगावे. ओल्या गिलाव्यावर भित्तिचित्र करायचे तर गिलावा वाळण्याआधी घाईने रंगवावे लागते. लिओनार्दोला थांबून, बदलून, थरावर थर देऊन काम करायचे होते, म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर वेगळ्या पद्धतीने रंग लावले, आणि ते काही वर्षांतच सुटू लागले. अलीकडची मोठी दुरुस्ती वीस वर्षांहून अधिक काळ चालून १९९९ मध्ये पूर्ण झाली. चौथ्या पायरीत ज्या मुलांनी आठवडाभर पट्टी रंगवली आहे, त्यांना त्याची ही अडचण चांगलीच समजते.

वयानुसार बदल

सहा वर्षांच्या मुलांसाठी पहिली, तिसरी आणि पाचवी या पायऱ्या पुरेशा आहेत. दोरे आणि काच आठव्या वर्षानंतर अधिक चांगली साधतात. अजून लहान भावंड मध्ये बसले असेल तर त्याला दिवा हलवण्याचे काम द्यावे, म्हणजे अंड्याची सावली कशी फिरते ते सगळ्यांनाच दिसते. मुलांच्या चित्रांवर मोठ्यांनी हात फिरवून ती सुधारू नयेत, आणि ती मोनालिसाच्या शेजारी लावू नयेत. प्रत्येक मुलाचा पहिल्या दिवशीचा अंड्याचा कागद तारीख घालून जपून ठेवावा, आणि सहावी पायरी झाल्यावर तेच अंडे त्याच दिव्याखाली पुन्हा काढायला द्यावे.